स्प्रिंट बायथलॉन: वेग कुठे सोडायचा

मराठवाड्यात बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी. रसवंतीवरच्या लाकडी पेटीत भुशात गुंडाळलेला, नाहीतर फेब्रुवारी-मार्चात गारपीट झाली की आडव्या पडलेल्या ज्वारीत. त्यामुळे हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांची १० किलोमीटर स्प्रिंट बायथलॉन, म्हणजे पायांत स्कीच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावर पळायचं आणि मध्ये थांबून रायफलीने लक्ष्य टिपायचं ती शर्यत, इथे कुणी आवर्जून लावून बसत नाही. पण एनसीसीच्या कॅम्पात पोटावर पडून पॉइंट टू-टू रायफलीच्या पाच गोळ्या झाडलेली आणि पोलीस भरतीसाठी १६०० मीटर पळून गुडघ्यांवर हात टेकलेली पोरं गावोगाव आहेत. ह्या दोन गोष्टी एकामागोमाग, मध्ये विश्रांती न घेता करायला लावल्या तर काय होईल, एवढा विचार त्यांनी केला तरी निम्मा खेळ कळला. उरलेला निम्मा आकड्यांत आहे.

शर्यतीचा सांगाडा साधा. पाठीवर रायफल, पायांत स्की. अंदाजे तीन-सव्वातीन किलोमीटरचे तीन फेरे. पहिल्या फेऱ्यानंतर पडून पाच गोळ्या, दुसऱ्यानंतर उभ्याने पाच गोळ्या, तिसरा फेरा सरळ शेवटच्या रेषेपर्यंत. प्रत्येक चुकलेल्या गोळीमागे लगेच १५० मीटरचा दंडाचा फेरा. खेळाडू एकत्र सुटत नाहीत, ३० सेकंदांच्या अंतराने एकेक सुटतो. म्हणजे शेजारी दिसणारा माणूस हा खरा प्रतिस्पर्धी असेलच असं नाही. खरी लढत घड्याळाशी.

'स्प्रिंट' ह्या नावाने मात्र घोळ होतो. १०० मीटरसारखं सुसाट काहीतरी असेल असं वाटतं. प्रत्यक्षात हे २३ ते २५ मिनिटांचं काम आहे. २० किलोमीटरच्या 'इंडिव्हिज्युअल' शर्यतीच्या मानाने छोटं, म्हणून स्प्रिंट. माझ्या मते ही शर्यत कोण किती जोरात जातो यापेक्षा कोण कुठे वेग सोडतो यावर ठरते, आणि तो वेग सोडायची जागा जेमतेम दोन-तीनशे मीटरची असते. गोळीबाराच्या चटईआधीची.

आधी दंडाचा हिशेब. १५० मीटरचा फेरा कसलेल्या खेळाडूला २२ ते २५ सेकंद खातो. २३ धरा. १० किलोमीटरवर पसरले तर किलोमीटरमागे २.३ सेकंद. जगातल्या पहिल्या वीसांत किलोमीटरमागे दोन सेकंदांची आघाडी काढणं हे खायचं काम नाही. उलट चटईवर येताना श्वास जागेवर आणण्यासाठी वेग थोडा उतरवला तर जातात चार-पाच सेकंद. पाच सेकंद देऊन तेवीस वाचवायचे, हा सौदा कुठल्याही बाजार समितीत फायद्याचाच म्हणतील. तरी दर शर्यतीत निम्मे लोक तो नाकारतात, कारण त्या क्षणी पाय चांगले चाललेले असतात आणि कानाशी कुणीतरी 'तू चार सेकंदांनी पुढे आहेस' असं ओरडलेलं असतं.

आता रायफल. पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतूस, वजन कमीत कमी साडेतीन किलो, तेही मॅगझिन आणि काडतुसं न धरता. दुर्बीण चालत नाही. मागे बारीक भोकाची पीप साइट, पुढे गोल रिंग, आणि त्या रिंगेत काळं वर्तुळ बसवायचं. ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम ताण हवा, आणि तो शर्यतीपूर्वी तपासला जातो. अर्ध-स्वयंचलित रायफल चालत नाही, प्रत्येक गोळीला बोल्ट हातानेच ओढावा लागतो. पण बहुतेकांकडे आडवा, सरळ मागे-पुढे होणारा बोल्ट असतो. तर्जनीने मागे, अंगठ्याने पुढे, गाल दस्त्यावरून हलत नाही. एनसीसीच्या रायफलीसारखा बोल्ट वर उचलून मागे खेचायचा असता तर दर गोळीला पोझिशन मोडली असती.

अंतर ५० मीटर. इथे आपल्याला एक माप जवळचं आहे. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. काडतूस तेच, अंतर तेच. त्याच्या लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. बायथलॉनमध्ये पडून मारायचं लक्ष्य ४५ मिलिमीटरचं, म्हणजे मध्यम लिंबाएवढं. उभ्याने ११५ मिलिमीटरचं, चहाच्या कपाखालच्या बशीपेक्षा जरा लहान. म्हणून रेंजवरचा नेमबाज पहिल्यांदा ऐकतो तेव्हा हसतो. पण रेंजवर नेमबाजाची नाडी शांत असते, अंगात जाड कातडी जाकीट असतं आणि एकेका गोळीला पुरेसा वेळ असतो. इथे नाडी १७०-१८० च्या घरातून नुकतीच खाली यायला लागलेली, अंगात पातळ सूट, बोटं गारठलेली, आणि पाच गोळ्यांचा सगळा कारभार २५ ते ३० सेकंदांत उरकायचा.

आणखी एक फसवं आहे. नेम धरताना खेळाडूला दोन्ही वेळा काळं वर्तुळ ११५ मिलिमीटरचंच दिसतं. पडून मारताना त्यातला फक्त मधला ४५ मिलिमीटरचा भाग खरा, बाकी काळ्यावर लागलेली गोळी वाया. म्हणजे 'काळ्यात लागली होती की' हे वाक्य बायथलॉनमध्ये कामाचं नाही. गोळी खऱ्या भागात बसली की पांढरी झाकणी येऊन काळं झाकते, आणि टीव्हीवरचं वर्तुळही बदलतं.

चटईवरचा क्रम सांगतो, कारण बघताना तो सगळा तीन-चार झटक्यांत होऊन जातो. मोकळी लेन निवडायची. हातातल्या दोन्ही स्कीच्या काठ्या खाली ठेवायच्या, त्यानंतरच रायफलीच्या पट्ट्यातून हात काढायचा. काठ्या हातात असताना रायफल उतरवायला परवानगी नाही. नळीच्या टोकावरची आणि साइटवरची बर्फापासून वाचवणारी झाकणं उघडायची. दस्त्यात खोचलेलं पाच काडतुसांचं मॅगझिन काढून बसवायचं, पळताना रायफल कधीच भरलेली नसते. पडून असेल तर दंडावरच्या पट्ट्याच्या हुकात रायफलीची स्लिंग (ती स्थिर धरायचा पट्टा) अडकवायची, कोपर रोवायचा, दोन-तीन खोल श्वास. चटईवर पोचल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत साधारण १२ ते १५ सेकंद. पुढच्या चार गोळ्या दर दोन-तीन सेकंदांनी. एका गोळीला एक श्वास: आत घ्यायचा, थोडा सोडायचा, अर्ध्यावर थांबायचा, ट्रिगर. श्वास जास्त वेळ अडवला की नजर पुसट होते आणि रिंग थरथरायला लागते. ते जाणवलं की गोळी न मारता पुन्हा श्वास घ्यायचा असतो. तीन सेकंद जातील, जाऊ द्यायचे.

पडून मारताना त्रास नाडीचा. स्लिंग दंडावर आवळलेली असते, तिथून प्रत्येक ठोका रायफलीत उतरतो आणि पुढची रिंग खाली-वर उडी मारते. स्लिंग योग्य जागी आणि योग्य ताणावर असेल तर उडी लहान होते. उभ्याने मारताना त्रास पायांचा. डावा कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, पाठ किंचित मागे झुकवून रायफलीचं वजन हाडांवर घ्यायचं असतं, स्नायूंवर नाही. पण शेवटच्या चढावर मांड्या पेटवून आलेल्या माणसाचं शरीर मुळापासूनच हलतं. रिंग लक्ष्यावर थांबत नाही, त्याच्यावरून जात-येत राहते. शहाणा नेमबाज ती थांबायची वाट बघत नाही. हालचाल लहान झाली की लक्ष्याच्या आत असताना दाबतो. 'अगदी मध्ये आली की' दाबू म्हणणाऱ्याचं बोट झटका देतं आणि गोळी बाहेर.

स्टीपलचेस पाहिलेल्यांना ह्यातलं काहीतरी ओळखीचं वाटेल. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची शर्यत बघा: अडथळ्याच्या आधीच्या दहा-पंधरा मीटरमध्ये पावलं जुळवून घ्यावी लागतात, नाहीतर उडी फसते आणि लय तुटते. बायथलॉनमध्ये ते दहा-पंधरा मीटर दोन-तीनशे मीटरचे होतात, एवढाच फरक. (साबळे सैन्यात असताना सियाचीनलाही होता. बीडच्या माणसाचं बर्फाशी नातं अगदीच नाही असं नाही.)

वारा हा स्वतंत्र विषय आहे, आणि टीव्हीवर तो सगळ्यात कमी समजावला जातो. शर्यतीआधी प्रत्येकाला रायफल झिरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणायला, वेळ मिळतो. कागदी लक्ष्यावर गोळ्या मारायच्या, मागे प्रशिक्षक दुर्बिणीतून गोळ्या कुठे एकवटल्या ते बघतो आणि साइट किती 'क्लिक', म्हणजे चकतीची किती घरं, सरकवायची ते सांगतो. वर-खाली एक चकती, डावी-उजवीकडे दुसरी. त्या घटकेच्या वाऱ्याला रायफल जुळली. पण शर्यतीत तुम्ही तिथे पोचता तोवर वारा बदललेला असतो. ताशी १६ किलोमीटरचा, म्हणजे झाडाची पानं आणि बारीक फांद्या सतत हलवणारा आडवा वारा ५० मीटरवर पॉइंट टू-टूची गोळी सुमारे अडीच सेंटिमीटर सरकवतो. ४५ मिलिमीटरच्या लक्ष्याची त्रिज्या साडेबावीस मिलिमीटर. म्हणजे निर्दोष मारलेली मधली गोळी नेमकी कडेवर किंवा बाहेर. उभ्याच्या लक्ष्यात तीच गोळी आरामात आत बसते. म्हणूनच वाऱ्याच्या दिवशी पडून मारण्यात चुका जास्त दिसतात आणि लोकांना आश्चर्य वाटतं की 'सोप्या' पोझिशनला हा कसा चुकला.

रेंजवर वाऱ्याचे छोटे झेंडे असतात, काही नेमबाजाजवळ, काही लक्ष्याजवळ. चटईकडे येतानाच ते वाचायचे. झिरो करताना झेंडा जसा होता तसाच असेल तर काही करायचं नाही. जास्त उचललेला असेल तर तेवढे क्लिक द्यायचे. आणि उभ्याच्या वेळी ते क्लिक परत घ्यायचे की नाही हे लक्षात ठेवायचं. क्लिक दिले आणि वारा पडला, किंवा दोनदा दिले, किंवा उलट्या बाजूला दिले, ह्या तीन कारणांनी पाचपैकी तीन-चार चुकलेले चांगले चांगले खेळाडू दिसतात. एकच गोळी चुकली तर दोष बहुधा बोटाचा. एकाच बाजूला तीन गेल्या तर क्लिकचा.

२०१८ च्या प्याँगचांगच्या स्प्रिंटमध्ये फ्रान्सचा मार्टिन फूरकाद पडून तीन चुकला. उभ्याने पाचही लावल्या आणि आठवा आला, विजेत्या जर्मनीच्या आर्न्ड पायफरपासून सुमारे २२ सेकंद मागे. पायफरने दहापैकी दहा लावल्या होत्या. फूरकादचे तीन फेरे म्हणजे मिनिटाच्या वर वेळ. त्यातला एक जरी कमी असता तरी तो पायफरच्या खांद्याला खांदा लावून उभा असता. दुसऱ्या दिवशी 'पर्सूट' होती, म्हणजे स्प्रिंटमधलं अंतर तसंच धरून पाठलागाने सुटायचं. त्यात तो २२ सेकंद उशिरा सुटला आणि सुवर्ण घेऊन आला. स्प्रिंटमधले पहिले ६० जणच पर्सूटला जातात, त्यामुळे ५५ ते ६५ क्रमांकांमधली चुरस सुवर्णाच्या चुरशीइतकीच जिवावरची असते. टीव्हीवर ती दिसत नाही.

पण दहापैकी दहा लावल्या म्हणजे जिंकलाच, असंही नाही. २०१४ च्या सोचीत नॉर्वेचा ओले एइनार ब्यॉर्नडालेन वयाच्या ४० व्या वर्षी एक गोळी चुकूनही जिंकला. ऑस्ट्रियाच्या डॉमिनिक लांडर्टिंगरने दहाच्या दहा लावल्या आणि १.३ सेकंदांनी दुसरा आला. इतक्या लहान फरकावर कारण कुठेही शोधता येतं: चटईवर एक सेकंद उशिरा पडलेली पहिली गोळी, पट्टा खांद्यावर घेताना अडकलेला हात, एखादं वळण. पट्टा घेताना अडकलेला हात माझ्या मते सगळ्यात स्वस्तातली चोरी आहे. घरच्या खोलीत रोज पन्नास वेळा रायफल पाठीवर टाकून-काढून ती थांबवता येते, त्याला बर्फ लागत नाही.

काय काय बिघडतं? थोडक्यात सांगायचं तर सगळंच. पहिली गोळी पोझिशन बसायच्या आत सुटते. पाचवी 'झालंच आता' म्हणून घाईत सुटते. चार लागल्यावरची पाचवी हा तर स्वतंत्र रोग आहे. शेजारच्या लेनच्या लक्ष्यावर मारलं तर ते मोजत नाही, त्याच्या नावावरही नाही. काडतूस वाजलं नाही तर बोल्ट ओढून ते काढायचं आणि दुसरं हाताने घालायचं, गारठलेल्या बोटांनी. खेळाडू उतारावर पडला तर आधी नळीत बर्फ गेला आहे का ते बघायचं. नळी बंद असताना गोळी मारली तर रायफल कामातून जाते, माणूसही जाऊ शकतो. पुढची साइट वाकली असेल तर पाचही गोळ्या एकाच दिशेला जातात आणि माणसाला वाटतं वारा आहे.

सगळ्यात लाजिरवाणी चूक मोजणीची. तीन चुकल्या आणि फेरे दोनच मारले तर न मारलेल्या प्रत्येक फेऱ्याला दोन मिनिटांचा दंड. एक जास्त मारला तर तेवीस सेकंद फुकट, आणि ते कुणी परत देत नाही. नाडी १८० ला असताना तीनपर्यंत मोजणं वाटतं तितकं सोपं नाही. पाच गोळ्या पुऱ्या न मारता उठून निघालात तर तिथेही न मारलेल्या गोळीमागे दोन मिनिटं.

सुटण्याचा क्रम. ९० जण ३० सेकंदांनी सुटले तर पहिला आणि शेवटचा यांच्यात पाऊण तास. पाऊण तासात डोंगरातलं हवामान कुठल्या कुठे जातं. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये फ्रान्सचा व्हिन्सेंट जे सुरुवातीच्या क्रमांकांत सुटला, दहापैकी दहा लावल्या आणि पुढे गेला. मागून सुटलेल्यांच्या वाट्याला ओला, चिकट बर्फ आला. स्की चालेनात, नावाजलेले मागे पडले, सुवर्ण जेकडे. त्याआधी १९९८ च्या नागानोत तर धुकं आणि बर्फामुळे स्प्रिंट मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी नव्याने घ्यावी लागली, आणि ब्यॉर्नडालेन तीही जिंकला. त्यामुळे कोण कितव्या क्रमांकाने सुटणार हा नुसत्या नशिबाचा नाही, डावपेचांचाही भाग आहे. त्याचे नियमही वेळोवेळी बदलले गेले आहेत. पेरणी आधी करायची की एक पाऊस आणखी बघायचा, हा प्रश्न इथल्या माणसाला नव्याने समजावून सांगायला नको.

स्कीच्या तळाला लावायच्या मेणाबद्दल थोडं. बर्फाचं तापमान, ओलावा, जुना-नवा दाणा यावर मेण आणि तळावरच्या बारीक रेघा ठरतात. त्यासाठी संघाबरोबर वेगळी माणसं असतात, जी पहाटेपासून जोड्यांमागून जोड्या घसरवून बघतात. पूर्वी फ्लोरिनयुक्त मेण सर्रास चाले. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटनेने त्यावर पूर्ण बंदी आणली. मेण चुकलं तर नेम कितीही चांगला असो, किलोमीटरमागे दोन-तीन सेकंद आपोआप गळतात. हिशेब वर केलाच आहे, प्रत्येक शर्यतीत एक गोळी घरूनच चुकवून आल्यासारखं.

शर्यत बघताना टीव्हीवर सध्याचा पहिला कोण याकडे फार बघू नका. तो नुसता आतापर्यंतचा पहिला असतो. रेंजवरचा वेळ आणि मार्गावरचा वेळ हे दोन रकाने वेगळे वाचा. रेंजवर कुणी सगळ्यांपेक्षा पाच सेकंद जास्त घेऊन पाच लावत असेल तर त्याच्यावर डोळा ठेवा. तिसऱ्या फेऱ्यात त्याचे पाय शिल्लक असतात.

आणि ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी, बर्फाशिवाय. लागतं काय: ४०० मीटरचा ट्रॅक, त्याला लागून १० मीटरची एअर रायफल रेंज, आणि रेंजवर जबाबदार माणूस. रायफल घेऊन पळायचं नाही, ती रेंजच्या टेबलावरच राहील, आणि छर्रा फायरिंग लाइनवरच भरायचा. ५० मीटरवरचं ४५ मिलिमीटर १० मीटरवर ९ मिलिमीटर होतं, ११५ चं २३. नेहमीचं एअर रायफलचं कागदी लक्ष्य असेल तर पडून मारताना आठचं वर्तुळ (१०.५ मिलिमीटर) आणि उभ्याने सहाचं (२०.५ मिलिमीटर) धरा. छर्र्याच्या भोकाचा निम्म्याहून जास्त भाग आत हवा. तीन फेऱ्या, प्रत्येकी १२०० मीटर. पहिल्यानंतर पडून पाच, दुसऱ्यानंतर उभ्याने पाच. दंड १०० मीटरचा ठेवा. दमलेल्या माणसाला तो २२-२३ सेकंद घेतो, म्हणजे खऱ्या दंडाएवढाच.

एअर रायफलीत दर गोळीला छर्रा हाताने भरावा लागतो, म्हणून गोळीबाराचा वेळ मोजून ईर्ष्या करू नका. त्याऐवजी मानेवर दोन बोटं ठेवून रेंजवर पोचताना १० सेकंदांची नाडी मोजा, सहाने गुणा, आणि किती लागल्या त्याच्या शेजारी वहीत लिहा. शेवटचे १०० मीटर एकदा पूर्ण जोरात, एकदा थोडं उतरवून. पाच-सहा सकाळी असं केलं की आपली नाडी कितीवर आली की गोळी लागते तो आकडा वहीतच दिसतो. प्रत्येकाचा वेगळा असतो. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी साडेसातच्या आत उरका, त्यानंतर घाम पीप साइटवर ठिबकायला लागतो आणि मग काळं वर्तुळ दिसतच नाही.